ऱ्हाइनच्या काठाने बोलींच्या रेषा ओलांडताना

पहिला दिवस : मारबुर्ग

बोली कशा बदलतात याविषयी मी बरीच वर्षे वाचत आले आहे. परंतु हा बदल जिथे प्रथम गावोगाव नोंदवला गेला आणि नकाशावर उतरला, त्या प्रदेशातून एकदा सावकाश, ठिकठिकाणी थांबत जावे ही इच्छा फार दिवस मनात होती. जर्मनीतील ऱ्हाइन नदीचा मधला आणि खालचा टप्पा हा तो प्रदेश. प्रवासाची सुरुवात मात्र मी नदीपासून दूर असलेल्या मारबुर्गपासून केली, कारण बोली वेगळ्या करणाऱ्या ज्या रेषा ओलांडत जायच्या होत्या त्या कागदावर येथे आखल्या गेल्या.

ड्युसेलडॉर्फमध्ये जन्मलेल्या गेओर्ग वेंकर या तरुण अभ्यासकाने १८७६ मध्ये उत्तर ऱ्हाइन प्रदेशातील खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांना एक छापील पत्रक पाठवले. त्यात साध्या जर्मन भाषेतील बेचाळीस वाक्ये होती आणि ती आपापल्या गावच्या बोलीत लिहून परत पाठवावीत एवढीच विनंती होती. पुढे वाक्यांची संख्या चाळीसवर स्थिरावली, सरकारची मदत मिळाली आणि काम साऱ्या जर्मन साम्राज्यात पसरले. ४०,००० हून अधिक गावांतून पत्रके परत आली. त्यांवरून मारबुर्गमध्ये हाताने रंगवलेले १,६०० हून अधिक नकाशे तयार झाले, आणि ते काम १९२३ पर्यंत, म्हणजे वेंकर यांच्या निधनानंतरही बारा वर्षे चालू राहिले.

ही पत्रके आता स्कॅन केलेली आहेत आणि कोणालाही घरबसल्या पाहता येतात, तरी मी मारबुर्गमध्ये बसूनच ती वाचत राहिले. जुन्या वळणाची, तिरपी, दाट अक्षरे; प्रत्येक मास्तराचा हात वेगळा. एका वाक्यात एक भला म्हातारा माणूस बर्फ फुटून घोड्यासकट थंड पाण्यात पडतो. वाक्य वरवर पाहता मुलांच्या वाचनपुस्तकातले वाटते, पण ते फार विचाराने रचलेले आहे: घोडा, थंड, पाणी या तिन्ही शब्दांत अशी व्यंजने आहेत की त्यांच्या उच्चारावरून बोलणारा उत्तरेचा की दक्षिणेचा हे कळावे. मास्तरांना ध्वनिलेखन शिकवलेले नव्हते. कानाला जे ऐकू आले ते त्यांनी रोजच्या लिपीत बसेल तसे बसवले, आणि म्हणून एकट्या पत्रकावर फार विसंबता येत नाही. पण शेजारच्या पन्नास गावांची पत्रके एकमेकांना दुजोरा देऊ लागली की शंका फिटते. त्या अनाम शिक्षकांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. अनेकांनी समासात स्वतःहून टिपणे लिहिली आहेत, जणू आपल्या गावचे बोलणे कोणीतरी विचारते आहे याची ते वाटच पाहत होते.

या पत्रकांनी जो प्रश्न उभा केला तो माझ्या प्रवासाचा खरा विषय आहे. त्याच दशकात लाइप्झिग येथील नववैयाकरणांनी असा सिद्धांत मांडला होता की ध्वनिपरिवर्तनाला अपवाद नसतो; एखाद्या बोलीत एक ध्वनी बदलला की तो सारख्या परिस्थितीतील सर्व शब्दांत बदलतो. जर्मन भाषेच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल म्हणजे प, त, क या स्पर्शव्यंजनांचे दक्षिणेकडे घर्षणयुक्त, म्हणजे हवा घासत बाहेर पडणाऱ्या, ध्वनींत झालेले रूपांतर. साधारण सहाव्या शतकाच्या आसपास तो दक्षिणेत दिसू लागला आणि उत्तरेकडे जाता जाता क्षीण होत गेला. सिद्धांत शब्दशः खरा असता तर ‘क’ चा बदल दाखवणारी एकच स्वच्छ रेषा नकाशावर उमटायला हवी होती. पूर्वेकडे या रेषा खरोखर जवळजवळ एकत्र धावतात. रोथार डोंगर ओलांडून त्या पश्चिमेला ऱ्हाइनकडे वळल्या की मात्र फाकतात, आणि एकेका शब्दाची रेषा वेगळ्या ठिकाणी नदी ओलांडते. अभ्यासक या रचनेला ‘ऱ्हाइनचा पंखा’ म्हणतात. त्या पंख्याच्या काड्या एकामागून एक ओलांडायच्या, असे मी ठरवले होते.

दुसरा दिवस : युर्डिंगन

पहिली रेषा क्रेफेल्ड शहराच्या युर्डिंगन या भागापाशी ऱ्हाइन ओलांडते आणि तिला त्याच गावाचे नाव आहे. हिच्या उत्तरेला ‘मी’ यासाठी ‘इक’ म्हणत, दक्षिणेला ‘इख’. (या दुसऱ्या शब्दातील शेवटचा ध्वनी जिभेचा मधला भाग टाळूजवळ नेऊन काढतात, देवनागरीत तो नेमका लिहिता येत नाही, म्हणून मी येथे ‘ख’ वापरते आहे.)

युर्डिंगन हे डाव्या तीरावरील जुने बंदर आहे. जवळच रसायनांच्या कारखान्यांचा मोठा विस्तार आहे आणि बाजारचौकातून नदीच्या भिंतीपर्यंत पाच मिनिटांत पोचता येते. नदीकाठच्या बाकावर एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांचे आईवडील एकमेकांशी गावची बोली बोलत, परंतु मुलांशी कटाक्षाने प्रमाण जर्मन. शाळेत मूल मागे पडू नये ही काळजी होती. “आम्हाला सगळे कळायचे, पण उत्तर द्यायची पाळी आली की आम्ही शाळेच्या भाषेत द्यायचो,” ते म्हणाले. त्यांच्या मुलांना तेही कळत नाही.

एका घरातील ही हकिगत पश्चिम जर्मनीतील हजारो घरांची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडील प्रदेशांतून हाकलले गेलेले सुमारे १.२ कोटी जर्मन भाषक उरलेल्या जर्मनीत येऊन राहिले. त्यांच्या बोली अगदी वेगळ्या होत्या. एकाच वर्गात, एकाच कारखान्यात निरनिराळ्या बोलींची माणसे बसू लागली की मधली भाषा लागतेच, आणि ती प्रमाणभाषा ठरली. बोली मरण्याचे कारण म्हणून रेडिओ आणि दूरदर्शन यांना सरसकट दोष दिला जातो. मला तो मोठासा पटत नाही. यंत्रातून येणारे बोलणे माणूस ऐकतो, पण त्याला उत्तर देत नाही. बोलण्याची ढब बदलते ती ज्यांच्याशी रोज देवाणघेवाण होते त्यांच्यामुळे, आणि स्वयंपाकघरात आईवडिलांनी मुलांशी कोणत्या बोलीत बोलायचे हे ठरवले त्यामुळे.

तिसरा दिवस : बेनराथ

युर्डिंगनपासून सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, उजव्या तीराला ड्युसेलडॉर्फच्या दक्षिण टोकाला बेनराथ आहे. येथून जाणारी रेषा जर्मन भाषाशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध रेषा होय: उत्तरेला ‘करणे’ यासाठी ‘माकेन’, दक्षिणेला ‘माखेन’. अनेक पाठ्यपुस्तकांत हीच उत्तर आणि दक्षिण जर्मन बोलींची सीमा मानली जाते.

गंमत पाहण्यासारखी आहे ती दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात. ‘इख’ आणि ‘माखेन’ या दोन्हींत बदल एकच, ‘क’ चा घर्षणयुक्त ध्वनी. तरीही या पट्ट्यातील माणूस ‘मी’ दक्षिणेकडच्या रूपात म्हणत असे आणि ‘करणे’ उत्तरेकडच्या. ‘मी’ हा शब्द आणखी उत्तरेला गेला, ‘करणे’ मागे राहिला. अभ्यासक याचे श्रेय कोलोन शहराच्या उत्तरमध्ययुगातील वजनाला देतात. व्यापार, चर्च, लेखनिकांची कचेरी यांमुळे तिथली भाषा प्रतिष्ठेची होती. आणि स्वतःविषयी बोलताना उच्चारायचा शब्द हा प्रतिष्ठेच्या बाबतीत सर्वांत हळवा असणार, असे मला वाटते.

बेनराथमध्ये अठराव्या शतकातील गुलाबी रंगाचा राजवाडा आहे, त्याच्यामागे लांबच लांब तळे आहे, आणि १९२९ पासून हे गाव ड्युसेलडॉर्फचा भाग आहे. रेषेचे म्हणून काहीही दिसत नाही. स्थानकावर शाळकरी मुलांचा घोळका होता. त्यांच्या तोंडी ‘माखेन’ होते, जसे ते हॅम्बुर्गलाही असते. नकाशावरची ठळक रेषा बोलण्यातून पुसट झालेली आहे. परंतु त्याच मुलांच्या तोंडी दर दुसऱ्या वाक्याला ‘दात’ आणि ‘वात’ होते, म्हणजे प्रमाण जर्मनमधील ‘दास’ (ते) आणि ‘वास’ (काय) यांची जुनी, न बदललेली रूपे. एक जुने रूप गेले आणि दुसरे टिकले, तेही ज्यांनी बोली कधी शिकलीच नाही अशा मुलांच्या तोंडी. हे कोडे घेऊन मी कोलोनची गाडी पकडली.

चौथा आणि पाचवा दिवस : कोलोन

कोलोनची वस्ती सुमारे दहा लाख आहे. एवढ्या मोठ्या शहराला स्वतःची, नावाने ओळखली जाणारी बोली असावी हे जर्मनीत आता दुर्मिळ झाले आहे. येथील बोली ‘क्योल्श’. ती बोलणाऱ्यांचा अभिमान उघड असतो: १८०२ पासून चालत आलेले काठीवरच्या बाहुल्यांचे नाट्यगृह याच बोलीत खेळ करते, कार्निव्हलची गाणी याच बोलीत लिहिली जातात, आणि १९८३ मध्ये बोलीसाठी एक अकादमी स्थापन झाली, तिथे प्रौढ माणसे वर्गात बसून आपल्या आजीची भाषा शिकतात.

क्योल्श म्हणजे प्रमाण जर्मनचे बिघडलेले रूप नव्हे, हे तिचे दोनचार शब्द ऐकताच ध्यानात येते. ‘वाइन’ (द्राक्षमद्य) येथे ‘विङ्’ होते आणि ‘त्साइत’ (वेळ) ‘त्सिक’. दातांमागे उच्चारायचे ‘न’ आणि ‘त’ घशाकडे सरकून ‘ङ’ आणि ‘क’ झाले. प्रमाणभाषेत असा बदल झालाच नाही. तो या परिसरातल्या बोलींनी आपल्या नियमाने, आपल्या वाटेने केला. बोलीत जुने अवशेष तेवढे साठून राहतात आणि बदलते ती प्रमाणभाषा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की बोलीसुद्धा सतत नवी होत असते आणि कित्येकदा प्रमाणभाषेपेक्षा वेगाने, कारण तिला शब्दकोश आणि शाळा यांचा लगाम नसतो.

याचे एक उदाहरण मी अगदी जवळून पाहिले. ज्या घरी उतरले होते तेथील बाई जन्मापासून कोलोनच्या. त्यांनी मला वाटेतल्या चर्चची खूण सांगितली आणि मी ‘चेरी’ ऐकले. जर्मनमध्ये चर्च ‘किर्खे’ आणि चेरी ‘किर्शे’. त्यांच्या तोंडी दोन्ही ‘किर्शे’. मी त्यांना दोन्ही शब्द पुन्हा म्हणण्याची विनंती केली. त्यांनी ओठ पुढे काढले, जीभ उचलली, आणि दोन्ही वेळा तोच ‘श’ आला, जरासा मऊ. त्यांच्या मते दोन्हींत फरक होता, माझ्या कानाला तो सापडला नाही. मग त्यांनी फार जपून, शाळेत उत्तर द्यावे तशी, ‘टेबल’ हा शब्द उच्चारला: प्रमाण उच्चार ‘तिश’ असताना त्या ‘तिख’ म्हणाल्या. आपण जिथे ‘श’ म्हणतो तिथे ‘ख’ हवा असतो, हा नियम त्यांनी लहानपणापासून मनात ठसवलेला. तो त्यांनी जिथे ‘श’ च बरोबर होता तिथेही लावला. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धीकरण म्हणतात. एकाच व्यक्तीच्या जिभेवर दोन शक्ती परस्परविरुद्ध दिशांना ओढत असलेल्या मी क्वचितच इतक्या स्पष्टपणे पाहिल्या आहेत.

‘इख’ ऐवजी ‘इश’ म्हणण्याची ही लकब ऱ्हाइनकाठच्या जुन्या बोलीचा वारसा आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती बरीच अलीकडची आहे. मध्य जर्मनीच्या शहरी बोलण्यातून ती गेल्या दीडदोन शतकांत पसरली आहे. म्हणजे जुन्या बोली आक्रसत असतानाच एक नवा प्रादेशिक उच्चार जन्माला येऊन वाढला, आणि आज तोच या भागाची सर्वांत सहज ओळखू येणारी खूण आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ट्रामने शहरभर फिरत, निव्वळ ऐकत राहिले. तरुणांच्या बोलण्याला बोली म्हणता येणार नाही. व्याकरण, शब्दसंग्रह जवळपास प्रमाण जर्मनचा. पण हेल ऱ्हाइनचा, ‘दिवस’ या शब्दाच्या शेवटी ‘क’ ऐवजी ‘ख’, आणि ‘दात’, ‘वात’ सर्वत्र. अभ्यासक या मधल्या थराला प्रादेशिक बोलभाषा मानतात. एका टोकाला गावची बोली, दुसऱ्या टोकाला प्रमाणभाषा, आणि माणूस प्रसंग पाहून या दोहोंमध्ये वरखाली सरकतो. बोलीचा ऱ्हास होतो म्हणजे सर्वांत खालचा थर रिता होतो. पण त्यातील काही मोजकी लक्षणे वर चढून मधल्या थरात बसतात. ‘विङ्’ आणि ‘त्सिक’ वर चढली नाहीत, कारण बाहेरच्या माणसाला ती कळत नाहीत. ‘दात’ चढले, कारण ते सर्वांना कळते आणि तरीही ‘मी इथला’ हे सांगते. बेनराथच्या स्थानकावरील मुलांचे कोडे मला असे सुटलेले वाटते. अमेरिकन अभ्यासक विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर हेच दाखवले होते: बेटावर कायमचे राहू इच्छिणारे तरुण दोन जोडस्वरांचा जुना स्थानिक उच्चार अधिक ठळकपणे करत, आणि ज्यांचे मन मुख्य भूमीकडे लागलेले असे त्यांच्या बोलण्यात तो फिका असे.

वाहतूक एकाच दिशेची नसते, हेही नोंदवले पाहिजे. “मी काम करतो आहे” असा चालू क्रियेचा अर्थ सांगण्यासाठी प्रमाण जर्मनमध्ये वेगळे क्रियारूप नाही. ऱ्हाइनच्या बोलींत मात्र “मी काम करण्यावर आहे” अशा धर्तीची रचना रूढ होती, इतकी की व्याकरणकार तिला ऱ्हाइनचे रूप म्हणत. आज ती रचना जर्मनीभर बोलली जाते आणि वापरणाऱ्या बहुतेकांना ती कुठून आली याची कल्पनाही नसते. प्रमाणभाषेने बोली गिळली एवढेच सांगणाऱ्यांनी हा व्यवहारही मांडला पाहिजे.

सहावा दिवस : बाद होनेफ ते सांक्त गोआर

कोलोनहून उजव्या तीराने दक्षिणेला निघाले. बॉन मागे पडले की डोंगर नदीजवळ येतात आणि बाद होनेफच्या दक्षिणेला नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया हे राज्य संपते. येथेच पुढची रेषा नदी ओलांडते: उत्तरेला ‘खेडे’ यासाठी ‘दोर्प’, दक्षिणेला ‘दोर्फ’. बाद होनेफमध्ये मी थोडाच वेळ थांबले. पुढे कोब्लेन्झला गाडी बदलून डाव्या तीराने बोपार्डमार्गे सांक्त गोआर येथे उतरले. समोर लोरेलाइचा प्रसिद्ध कडा, आणि माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची अशी ‘दात–दास’ रेषा. येथून पुढे वर जावे तसे ‘दास’.

दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. या प्रवासात ते अंतर मी मनाशी मोजत होते. युर्डिंगन ते बेनराथ सुमारे पंचवीस किलोमीटर, बेनराथ ते बाद होनेफ साठ, तेथून सांक्त गोआर पासष्टच्या घरात, आणि ‘सफरचंद’ हा शब्द ‘आपेल’ चा ‘आप्फेल’ होतो ती श्पायरची रेषा आणखी शंभर किलोमीटर पलीकडे. कोस सारखे पडत नाहीत. मग रेषा नेमक्या याच जागी का पडल्या?

या प्रश्नाचे सर्वांत विचार करायला लावणारे उत्तर १९२० च्या दशकात बॉनमध्ये दिले गेले. भाषाभ्यासक थेओडोर फ्रिंग्स यांनी इतिहासकार हेर्मान आउबिन यांच्यासोबत बोलींच्या नकाशांवर जुन्या राज्यांचे नकाशे ठेवून पाहिले. ‘दोर्प’ ची रेषा कोलोन आणि ट्रिअर या दोन आर्चबिशपांच्या मुलुखांच्या सीमेजवळून जात होती. ‘दात’ ची रेषा ट्रिअरच्या मुलुखाच्या दक्षिण हद्दीजवळून. ही राज्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. एका मुलुखात राहणारी माणसे एकाच कचेरीत सारा भरतात, एकाच बाजाराला जातात, सोयरिकी बहुधा आतल्या आतच करतात. शेकडो वर्षे असे चालले की बोलणेही आतल्या आत एकसारखे होते आणि हद्दीवर फरक साचतो. फ्रिंग्स यांच्या मांडणीवर पुढे आक्षेप घेतले गेले. काही रेषा या राज्यांहून जुन्या असाव्यात, बदल दक्षिणेहून चालत न येता जागच्या जागीही झाला असावा, असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे मुद्दे वजनदार आहेत. तरीही रेषा कोठून आली आणि ती तेथेच का टिकली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे फ्रिंग्स यांनी दिलेले उत्तर मला आजही पटते.

ते पटण्याचे कारण डोळ्यांसमोरच होते. कोब्लेन्झ आणि माइन्झ यांच्यामध्ये ऱ्हाइनवर पूल नाही; सांक्त गोआरहून पलीकडे जायचे तर फेरीबोट घ्यावी लागते. प्रवाह ओढाळ. एवढी मोठी नदी ही बोलींची सीमा असायला हवी, असे नकाशा न पाहिलेल्या कोणालाही वाटेल. परंतु पंख्याच्या सगळ्या रेषा ऱ्हाइनला आडव्या छेदतात. मध्य ऱ्हाइनच्या दोन काठांवरील गावे बोलीने एकमेकांना जवळची आहेत. माणसे नदीवरून जात येत होती, माल चढवत उतरवत होती. संपर्क तुटत होता तो आयफेल आणि हुन्सऱ्युक या विरळ वस्तीच्या उंच पठारांवर, आणि रेषाही त्याच अंगाने धावतात.

एक गोष्ट मात्र मनात घोळत राहते. ‘पाणी’ या शब्दात ‘त’ चा ‘स’ होण्याचा बदल कोलोनपर्यंत पोचला. तिथे ‘वातर’ नव्हे, ‘वासर’ म्हणतात. मग ‘दात’ मधला ‘त’ का राहिला? छोटे, आघातहीन, दिवसातून हजारदा तोंडी येणारे शब्द सवयीने टिकतात, हे एक उत्तर दिले जाते. पण ‘इख’ हा शब्दही तसाच छोटा आणि तितकाच नित्याचा, आणि तो तर सर्वांत दूरवर उत्तरेला गेला. सारख्या प्रकृतीच्या दोन शब्दांचे असे उलट नशीब पाहिले की एका नियमाने सगळे समजावण्याचा आग्रह सोडावासा वाटतो. नववैयाकरणांनी शिस्त आणली, आणि ती मोलाची होती. परंतु शब्द माणसांच्या तोंडून प्रवास करतात आणि प्रत्येक शब्दाला वाटेत भेटलेली माणसे वेगळी असतात.

सातवा दिवस : ट्रिअर आणि वासरबिलिग

कोब्लेन्झहून मोझेल नदीच्या काठाने ट्रिअर, आणि तेथून लक्झेंबर्गची गाडी. सीमा ओलांडताच पहिले स्थानक वासरबिलिग. येथे झाउअर नदी मोझेलला मिळते, आणि झाउअरवरील छोटा पूल पायी ओलांडला की पुन्हा जर्मनी.

लक्झेंबर्गची भाषा ऐकली की गेल्या काही दिवसांतील सगळ्या रेषा एकत्र आठवतात. ‘मी’ साठी दक्षिणेचे घर्षणयुक्त रूप, ‘माखेन’ सारखेच ‘माआखेन’, ‘खेडे’ ‘दुएर्फ’. पण ‘ते’ मात्र ‘दात’, आणि ‘सफरचंद’ ‘आपेल’. ट्रिअरच्या मुलुखातील बोलींची ही तंतोतंत घडण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच अंमल येईपर्यंत झाउअरचे दोन्ही काठ लक्झेंबर्गच्याच डचीत होते; १८१५ मध्ये व्हिएन्ना काँग्रेसने पूर्वेकडील काठ प्रशियाला दिला. दोन्ही काठांचे बोलणे पुढेही शंभरेक वर्षे जवळपास एकच राहिले. २४ फेब्रुवारी १९८४ च्या कायद्याने लक्झेंबर्गिश ही पश्चिम काठावर राष्ट्रीय भाषा झाली. पूर्व काठावर तीच बोली जर्मनच्या अनेक बोलींपैकी एक म्हणून उरली.

पुलाच्या जर्मन बाजूला एका बाईंशी बोलणे झाले. पलीकडच्या म्हाताऱ्यांशी त्या आजही आपल्या बोलीत बोलतात आणि उत्तर लक्झेंबर्गिशमध्ये मिळते. दोघांनाही भाषांतर लागत नाही. त्यांच्या नातवंडांचे तसे नाही. ती पलीकडे गेली की प्रमाण जर्मन बोलतात, आणि समोरचा तरुणही त्यांना परका जर्मन समजून जर्मनमध्येच उत्तर देतो. दरम्यान शब्दही वेगळे झाले आहेत. लक्झेंबर्गच्या बाजूला सायकल आणि ट्रक यांना फ्रेंचमधून आलेली नावे आहेत, आभार ‘मेर्सी’ म्हणून मानतात. जर्मन बाजूला अशी नवी भर प्रमाण जर्मनमधून पडते. खुद्द लक्झेंबर्गमध्येही गावोगावचे जुने भेद आता ओसरत आहेत आणि राजधानीच्या परिसरातील मध्यवर्ती रूप सर्वत्र पसरते आहे. मान्यता मिळाली म्हणून बदल थांबला नाही. त्याचे केंद्र तेवढे बदलले. देशातील जवळपास निम्मे रहिवासी परदेशी नागरिक आहेत, त्यांच्यापैकी अनेक जण प्रौढ वयात ही भाषा शिकतात, आणि त्यांच्या तोंडून तिचे आणखी काय होईल हे पुढच्या पिढ्यांच्या ध्वनिमुद्रणांतून कळेल.

मारबुर्गमध्ये तशी ध्वनिमुद्रणे जर्मनीपुरती जमवली गेली आहेत. वेंकर यांचीच वाक्ये एकाच ठिकाणच्या तीन पिढ्यांकडून वदवून घेतली आहेत, आणि मधल्या पिढीसाठी पोलीस कर्मचारी निवडले आहेत, कारण त्यांना कामाच्या ओघात सर्व थरांतील माणसांशी बोलावे लागते. ही कल्पना मला फार योग्य वाटते. झाउअरच्या दोन्ही काठांवर तेच केले तर वेंकर यांच्या नकाशावर नसलेली एक रेषा आज नक्की सापडेल. ती नदीच्या पात्रातून जाईल, पण नदीमुळे नव्हे. दोन काठांची मुले आता दोन वेगवेगळ्या देशांच्या शाळांत जातात आणि मोबाइलवर एकमेकांऐवजी आपापल्या वर्गमित्रांना संदेश लिहितात. पश्चिम काठावरची मुले तर ते संदेश लक्झेंबर्गिशमध्येच लिहितात.